टोकन खिळ्यावर, माणूस नाही

ज्यांच्या घरातलं माणूस रोजच्या रस्त्यावर चुकू लागलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. औषधांमधलं मला काही कळत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पाढे शिकवले. चूक दिसली की लाल पेन उचलायचं, एवढंच मला येत होतं, आणि या आजारात सगळ्यात आधी फेकून द्यावं लागतं ते लाल पेनच. मला ते फेकायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात मी ह्यांच्यावर जितकी ओरडले तितकी चौथीच्या वर्गावरही ओरडले नसेन.

'हे' म्हणजे माझे यजमान, दशरथ. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत ते मेट होते. जमिनीखाली मजुरांची टोळी न्यायची, काम करवून घ्यायचं आणि सगळे वर पोचले की मग स्वतः वर यायचं, हे मेटचं काम. मेट शेवटी वर येतो. त्या रिवाजापायी मी पंचवीस वर्षं थंड भात खाल्ला.

दोन ओळी पलीकडे

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि ह्यांची नोकरी दोन वर्षं उरली होती. एका दुपारी मी ताट वाढून बसले, पण हे येईनात. तेवढ्यात दोन ओळी पलीकडच्या क्वार्टरमधली बाई हसत हसत आली.

"मास्तरीणबाई, मेटजी आमच्या घरी जेवून राहिले. आणखी भात मागून राहिले!"

वसाहतीतली घरं सगळी एका साच्यातली. सगळे हसले, मीही हसले. "तिकडचा भात बरा लागला वाटते," असं मी महिनाभर चिडवत होते. हे मात्र एकदाही हसले नाहीत. ते मला तेव्हा खुपायला हवं होतं.

मग तुमसरचा बाजार. जिथे आम्ही दर आठवड्याला जात होतो, त्या धान्यबाजाराच्या कोपऱ्यावर हे थांबले आणि म्हणाले, "कुसुम, आपण कोणत्या गावाले आलो?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी म्हटलं, "लंडनले."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, राईस मिलच्या धुराड्याकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान डोलावली. माझ्या हातातली पिशवी गळून पडली. कांदे गटारापर्यंत गेले, ते आम्ही दोघांनी वेचले.

गोंधळ असा, की खाली खाणीत ते एकदाही चुकले नाहीत. शेवटच्या पाळीपर्यंत नाही. अंधारात सगळं पाठ, आणि उजेडात स्वतःचं दार सापडेना. मी ठरवून टाकलं की हा माणूस मला त्रास द्यायला मुद्दाम करतो आहे. असं वाटणं चूक आहे, पण वाटतं. तुम्हालाही वाटेल.

लाल फडकं

ते निवृत्त झाले त्या पावसाळ्यानंतर आमचा मुलगा शरद आम्हाला नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. शरद तुमसरला राईस मिलमध्ये मुनीम होता. बारा दिवस तिथे ठेवून घेतलं. सकाळी रक्त काढायचं, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर भिंतीकडे पाहत बसायचं. हे संडासला गेले की परत येताना दुसऱ्याच कॉटवर जाऊन निजत. एकदा एका पाय मोडलेल्या माणसाला त्यांनी "उठ, हा माझा पलंग आहे," म्हणून हलवलं, तेव्हा वॉर्डभर आरडाओरडा झाला.

तिथली आयाबाई फार चांगली होती. तिने आपल्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं फाडून ह्यांच्या कॉटच्या दांडीला बांधलं. "आता लांबूनच दिसन," म्हणाली. हे संडासहून आले, फडकं पाहिलं आणि दहा पावलांवर दोन्ही हात पसरून उभे राहिले. मागून येणाऱ्या नर्सलाही पुढे जाऊ देईनात.

"थांबा! फायरिंग आहे!"

खाणीत सुरुंग लावला की लाल झेंडी लावतात. तो फुटेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, आणि लोकांना अडवणं हेच मेटचं काम. मी तोंडात पदर कोंबून हसले, आणि हसता हसता रडले. मग मी फडकं सोडलं आणि पांढरा टॉवेल बांधला. त्यानंतर हे बरोबर आपल्याच कॉटवर आले. ह्यांच्या डोक्यातल्या खुणा खाणीतल्या आहेत, ही पहिली गोष्ट मी शिकले. पण अर्धीच शिकले.

डॉक्टरांनी एक दिवस कागद-पेन्सिल दिली आणि घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता काढायला सांगितलं. ह्यांनी तासभर खपून कागद भरून टाकला. डॉक्टरांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि मला विचारलं, "बाई, हे काय आहे?" ती चिखल्याची खाण होती. सगळे मजले, सगळ्या आडवाटा, रूळ कुठे वळतात तेसुद्धा. त्यात घर नव्हतं आणि बाजारही नव्हता.

मग डॉक्टरांनी शरदला आणि मला बाहेर बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं. मला ते नीट ऐकू आलं नाही म्हणून मी पुन्हा विचारलं आणि एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं: अल्झायमर. "बरं कधी होईल?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, होणार नाही. हळूहळू वाढेल. यांना एकटं सोडू नका." गावात याला सरळ म्हातारचळ म्हणत. ह्यांचं वय साठही नव्हतं. मला त्या तिकिटाचा इतका राग आला की मी ते फाडायला निघाले होते, पण ते नाव पुन्हा विसरेन या भीतीने ठेवलं.

परतीच्या गाडीत ह्यांना एकदम लख्ख समजत होतं. असं मधूनच होत असे. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "कुसुम, डोकं गेलं त जाऊ दे. पण मले कोंडू नको."

त्यामागे कारण होतं. तरुणपणी खाणीत छत कोसळून हे आणि चार मजूर दिवसभर आत अडकले होते. तेव्हापासून हे बाथरूमची कडीसुद्धा लावत नसत. मी म्हटलं, "नाही कोंडणार." हा शब्द मी सहज देऊन बसले.

बपेऱ्याचं घर

क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही बपेऱ्याला ह्यांच्या गावी आलो. माझी बदलीही तिथल्या शाळेत झाली. शेजारीच माझे धाकटे दीर नामदेवभाऊजी, धानाची शेती करणारे. आमचं घर कौलारू, ठेंगणं. एकामागे एक तीन खोल्या, खिडकी एकही नाही, आणि दार इतकं बुटकं की वाकूनच आत जायचं. मी रोज त्या दाराशी वाकत होते. ते कशासारखं आहे, हे मला एकदाही सुचलं नाही.

पहिल्याच महिन्यात हे तीनदा हरवले. एकदा भाऊजींच्या धानात सापडले. सगळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले तुकडे, सारख्याच दिसत असल्याने एकाच बांधीभोवती फिरत होते. एकदा रस्त्यात ट्रकपुढे उभे होते. शरद तुमसरहून आला तो लोखंडी कडी घेऊनच.

"आई, हे बाहेरून लावाची. तू शाळेत गेली का बाबा कोठीही जातेत."

"कोंडाचं नाही."

"मंग काय कराचं? तलाव आहे, विहीर आहे. एक दिवस बाबा जित्ते नाही सापडणार. तेव्हा कोणाले सांगशीन, का मी शब्द देला होता म्हणून?"

तो बरोबर बोलत होता, म्हणून मला जास्तच संताप आला. "एक महिना दे मले," मी म्हटलं. त्याने कडी धानाच्या कोठीवर ठेवली. "एक महिना. मंग मी विचारणार नाही."

तेव्हा मला टोकन सुचलं. खाणीच्या हाजरीघरात एक लाकडी पाटी असे, तिच्यावर रांगेने खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका माणसाच्या नंबरचं पितळी टोकन. खाली जाताना टोकन काढून न्यायचं, वर आलं की परत लावायचं. खिळ्यावर टोकन असेल तर माणूस वर आहे, सुखरूप आहे. पाळी सुटल्यावर एक जरी खिळा रिकामा दिसला तरी वसाहतीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहत. पंचवीस वर्षं मी देवापेक्षा त्या पाटीवर जास्त विश्वास ठेवला.

मी भंडाऱ्याला गेले आणि पितळेचं काम करणाऱ्याकडून ह्यांच्या नंबरचं टोकन करून आणलं: २१४. खाली 'बपेरा' कोरून घेतलं, म्हणजे कुठेही सापडले तर लोक आणून सोडतील. भाऊजींनी दाराच्या आत पाटी ठोकली आणि खिळे दोन मारले. एक जास्तीचा झाला, तो राहू दिला.

ह्यांनी टोकन हातात घेतलं, अंगठ्याने नंबर चाचपला आणि खिळ्यावर लावलं. बाहेर जाताना काढून गळ्यात घालायचे, आले की लावायचे. एकदाही चुकले नाहीत. तीन आठवडे मी स्वतःवर भलतीच खूश होते. शरदला म्हटलं, "तुयी कडी घेऊन जा."

ती संध्याकाळ

चैत्राचे दिवस होते. पाच वाजता शाळेतून आले. दारातून आत वाकल्याबरोबर माझी नजर पाटीवर गेली. टोकन खिळ्यावर होतं. हे घरात आहेत. मी निवांत पाय धुतले, चहा टाकला, दोन कप भरले आणि हाक मारली. उत्तर नाही. झोपले असतील म्हणून मधल्या खोलीत गेले. खाट रिकामी होती. मागच्या खोलीत गेले, धानाच्या कोठीमागे पाहिलं, खाटेखाली पाहिलं, गोठ्यात पाहिलं. पुन्हा पहिल्या खोलीत आले. टोकन होतंच. पुन्हा मधल्या खोलीत गेले.

असं किती वेळा केलं मला आठवत नाही. कंदील लावला आणि खाटेवरची गोधडीसुद्धा झटकली, जणू माणूस गोधडीच्या घडीत बसतो. डोकं सांगत होतं की घरात कोणी नाही. पाटी सांगत होती की आहे. मी पाटीचं ऐकत होते.

भाऊजी आले. "वहिनी, बाहेर पाहू न आपण."

"टोकन आहे न इथं! बाहेर कायले पाहाचं?" मी त्यांच्यावरच खेकसले.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. एक तास त्या वाक्यात गेला. पितळेच्या तुकड्यावर विसंबून मी जिवंत माणसाला खाटेखाली शोधत बसले. शिवाय टोकन खिळ्यावर म्हणजे गळ्यात काही नाही. गावाचं नाव घरी, आणि माणूस नावाशिवाय कुठेतरी.

शेवटी भाऊजी माझं न ऐकता चार माणसं घेऊन तुमसरच्या रस्त्याकडे निघाले. एकाला शरदला बोलवायला पाठवलं. मीही बाहेर पडले. आतल्या अंधारातून वाकून बाहेर आले आणि कलता सूर्य एकदम डोळ्यांवर आला. मी डोळ्यांवर हात धरला आणि तशीच उभी राहिले.

पाळी सुटल्यावर खाणीच्या तोंडाशी सगळे मजूर असाच हात धरत.

मग कळलं. तीन आठवडे ह्यांना ते घर 'वर' वाटलं असेल, पण त्या दिवशी ते घर घर वाटलंच नव्हतं. ठेंगणं दार, खिडकी नाही, एकामागे एक अंधाऱ्या खोल्या. मी गेल्यावर टोकन काढून गळ्यात घातलं असणार, आणि दिवसभर ते खाली होते. पाळी संपली, ते वर आले, आणि वर आलेल्या माणसाने करायचं तेच त्यांनी केलं. टोकन खिळ्यावर लावलं. चूक त्यांनी केलीच नव्हती. त्या पाटीचा अर्थ त्या दिवशी आम्ही दोघं उलटसुलट लावत होतो.

पण बाहेर येऊन त्यांना वसाहत दिसली नसणार, हाजरीघर दिसलं नसणार. मग कुठे गेले असतील? छत कोसळलं त्या दिवसाची गोष्ट हे शरदला लहानपणी शंभरदा सांगत. "दिवा विझला त घाबराचं नाही. वारा जिकडून तोंडावर येऊन राहिला, तिकडे चालाचं. तिकडेच बाहेर निघाची वाट आहे." मी अंगणात उभी राहून तोंड फिरवलं. वारा तलावाकडून येत होता. शरदने भीती घातली होती तोच तलाव. सगळी माणसं रस्त्याकडे गेलेली. मी एकटीच पळत सुटले.

हे तलावाच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली बसले होते. पायाशी पाणी. पण तोंड पाण्याकडे नव्हतं, गावाकडे होतं.

"अहो! इथं काय करून राहिले तुमी?"

"थांबून राहिलो."

"कोणासाठी?"

"एक माणूस खाली आहे." बोट गावाकडे. "पाटीवर दोन खिळे आहेत. माझं टोकन लावलं. दुसरा खिळा रिकामा आहे."

"कोण आहे खाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. "मास्तरीण. तुमी पाह्यली काय तिले?"

मी त्यांच्यासमोर उभी होते. माझी वाट पाहणारा माणूस मलाच माझा पत्ता विचारत होता. मी रडले असते, पण एवढ्या दिवसांनी त्यांच्या तोंडून 'मास्तरीण' ऐकून आतून बरंही वाटलं. त्यांना मी ओळखू येत नव्हते आणि त्यांनी मला सोडलंही नव्हतं.

"आली," मी म्हटलं. "वर आली ते. मी पाह्यली."

"टोकन लावलं तिनं?"

"आता लावते."

ते उठले, धोतर झटकलं आणि मला हाताने पुढे व्हायची खूण केली. मेट मागून येतो. आम्ही तसेच गावात आलो, मी पुढे, ते मागे.

दारापाशी मात्र ते अडले. "पाळी संपली न? आता कायले खाली?" शरद तेव्हाच येऊन पोचला होता. घामाने निथळत होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला गप्प केलं, आणि अंगणात खाट आणायला सांगितली. तिथे बसून ह्यांनी दोन कप चहा प्यायला, माझाही.

काचेची कौलं

दुसऱ्या दिवशी शरद स्वतः छपरावर चढला. प्रत्येक खोलीत चार-चार काचेची कौलं बसवली, भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या, मधल्या खोलीची भिंत फोडून खिडकी काढली. खाणीत बाहेरच्या वाटेवर चुन्याचे बाण काढतात, तसे मी संडासपासून खाटेपर्यंत काढले. शेजारणी हसल्या, हसू दिलं. शरदने आणलेली कडी त्या खिडकीला लागली, आतल्या बाजूने.

मी भंडाऱ्याहून दुसरं टोकन आणलं: २१५. शाळेत जाताना मी ते घेऊन जाई, आले की दुसऱ्या खिळ्यावर लावी. हे खाटेवरून पाटी बघत आणि मग जेवायला बसत. घर आता उजेडात आल्यामुळे पाटीचा अर्थ आम्हा दोघांचा एक झाला.

सगळं छान झालं असं मी खोटं सांगणार नाही. त्यानंतरही ते हरवले, त्यानंतरही मी ओरडले, एकदा त्यांच्या हातावर चापट मारली आणि तो हात धरून बसले. हळूहळू बाण कळेनासे झाले, मग खाट आणि भिंत यांतलं अंतर कळेना. शेवटच्या वर्षी चालणं थांबलं. तोंडात एकच प्रश्न राहिला, कोणीही समोर आलं की, "मास्तरीण आली?"

त्या सकाळी मी शाळेत जायला निघाले होते. टोकन काढून कमरेला खोचलं होतं. ह्यांचा श्वास बदललेला दिसला म्हणून थांबले, शरदला निरोप धाडला. दोन तास ते डोळे टक्क उघडे ठेवून पाटीकडे बघत होते, कण्हत होते, आणि डोळे मिटत नव्हते. मला उशिराच समजलं. माणूस खाली राहिलं असताना मेट वर कसा जाईल?

मी कमरेचं टोकन काढलं आणि त्यांना दिसेल असं खिळ्यावर लावलं. "आली मास्तरीण," मी म्हटलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, दोन्ही खिळ्यांकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. शरद पोचेपर्यंत ते गेले होते.

मी ते खोटंच लावलं होतं, माझी पाळी अजून संपली नव्हती. तेराव्यानंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी माझं टोकन पुन्हा काढून घेतलं. ह्यांचं तिथेच आहे.